आगोट गावची, साबण डीमार्टचा

बाय, तू कामोठ्याला घर मांडलंस आणि महिन्याचं सगळं वाणसामान डीमार्टातूनच भरायचं ठरवलंस, असं तुझ्या आईने सांगितलं. जा, खुशाल जा. नव्या संसारात पै-पैचा हिशोब ठेवणारी पोर मला आवडते. पण सगळंच तिथून घेऊ नकोस. काय तिथून घ्यायचं, काय नाक्यावरच्या वाण्याकडून घ्यायचं आणि काय आपल्या सव गावाहून न्यायचं, हे एकदा नीट समजून घे.

माझी नोकरी मुंबईत सहकारी ग्राहक भांडारात झाली, हे तुला ठाऊक आहे. गोण्या उतरवून घ्यायच्या, वजन तपासायचं, माल फळीवर लावायचा, महिनाअखेर साठा मोजायचा, हेच काम. म्हणून दुकान आतल्या बाजूने कसं दिसतं ते मी सांगू शकतो, आणि सवला परत आल्यापासून कणगीतला तांदूळ कसा टिकवायचा हेही.

आधी स्वस्ताईचं कारण कळलं पाहिजे. आमच्या पिढीचं स्वस्त दुकान म्हणजे अपना बाजार. १९४८ साली नायगावात कामगारांच्या सहकारातून ते उभं राहिलं. मधले दलाल टाळून माल आणायचा आणि सभासदाला वाजवी भावात द्यायचा, हा त्यामागचा विचार. डीमार्ट काढणारे राधाकिशन दमानी हे शेअर बाजारातलं मोठं नाव. त्यांनीही आधी नेरूळला अपना बाजारचीच शाखा चालवायला घेतली होती. मग २००२ साली पवईला स्वतःचं पहिलं डीमार्ट उघडलं. त्यांची रीत सरळ आहे. दुकानाची जागा शक्यतो विकत घ्यायची, म्हणजे भाड्याचा बोजा मालाच्या भावावर पडत नाही. माल देणाऱ्याचे पैसे महिनोन् महिने अडकवायचे नाहीत, काही दिवसांत चुकते करायचे, म्हणजे तोही भाव खाली आणतो. दुकानात थाटमाट नाही आणि भारंभार प्रकारही नाहीत. जे हमखास खपतं तेच ठेवायचं, म्हणजे माल फळीवर धूळ खात बसत नाही.

आता यातून तुझ्या कामाचं काय ते घे. जे कारखान्यात बनतं, सीलबंद येतं आणि झपाट्याने खपतं, ते अशा दुकानात खरंच स्वस्त पडतं. अंगाचा साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा बार, टूथपेस्ट, फिनेल, चहा, साखर, मीठ, बिस्किटं, सॅनिटरी पॅड, हे सगळं डोळे झाकून तिथून घे. पुडा कुठूनही घेतलास तरी आत तेच असतं, तेव्हा प्रश्न फक्त भावाचा उरतो. जे मातीतून किंवा समुद्रातून येतं, ज्याचा वास घ्यावा लागतो, जे चिमटीत चोळून बघावं लागतं, ते मात्र अशा माणसाकडून घे ज्याला दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारता येईल.

कपडे, प्लास्टिकचे डबे, बादल्या, चादरी, खेळणी असतात त्या भागात यादीत काही असेल तरच शिर. किराण्यावर अशा दुकानाला सुटतं थोडं, या बाकीच्या मालावर जास्त. तेलसाखरेच्या भावासाठी गिऱ्हाईक आत येतं आणि बाहेर पडताना हातात एक पायपुसणं आणि तीन टी-शर्ट असतात. वाईट माल असतो असं मी म्हणत नाही. पण साखरेत वाचलेले पैसे तिथे परत देऊन यायचं असेल, तर एवढी रांग लावलीस कशाला?

निघण्याआधी घरातले डबे उघडून बघ. यादी आठवून करायची नसते, डबा हलवून करायची असते. तूरडाळ अर्धा डबा आहे, महिना संपायला आठ दिवस आहेत, तर किती लागेल, असं मोजून लिही. पोटभर जेवून जा. पगारानंतरचा पहिला आठवडा आणि रविवार टाळ. महिन्याच्या मध्यावर एखाद्या साध्या वारी सकाळी गेलीस तर फळ्या भरलेल्या असतात, फळ्यांमधून फिरायला जागा असते आणि पुडा वाचायला सवड मिळते. ढकलगाडीपेक्षा हातातली टोपली घे. टोपली जड झाली की हातच सांगतो, आता पुरे. घरून कापडी पिशव्या ने. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, आणि दुकानातल्या पिशवीचे पैसे दर वेळी कशाला मोजायचे?

फळीसमोर उभी राहिलीस की नजरेच्या रेषेतला माल शेवटी बघ. तिथे काय लावायचं हे दुकान विचार करून ठरवतं. खाली वाकून आणि वर मान करून बघ, तोच जिन्नस दुसऱ्या कंपनीचा कमी भावात असतो. हात घालायचा तो फळीच्या मागच्या अंगाला. नवा माल मागे सरकवायचा आणि जुना पुढे आणायचा, ही आमच्या धंद्याची शिस्त. रवा, मैदा, बेसन, बिस्किटं यांच्या तारखांत दोन-दोन महिन्यांचा फरक सापडतो.

पुड्यावरची छापील किंमत आणि दुकानाचा भाव यांतला फरक म्हणजे तुझी बचत, असं समजू नकोस. बिलाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की इतके रुपये वाचले. छापील किंमत म्हणजे त्याच्या वर कुणी विकायचं नाही, एवढीच कायद्याची मर्यादा. तुझा नाक्यावरचा वाणीसुद्धा कितीतरी वस्तू त्याच्या खाली देतो. म्हणून एक छोटी वही ठेव. त्यात तुझ्या घरात लागणाऱ्या वीस-पंचवीस जिनसांचा किलोचा भाव लिही, एका रकान्यात डीमार्टचा, दुसऱ्यात वाण्याचा. दोन-तीन महिन्यांत वही स्वतःच बोलायला लागेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. ज्यांच्याकडे अशी वही होती, त्यांनाच कळलं की कुठल्या दुकानात तो फरक खरोखर हातात पडला.

वजन वाचायची सवय लाव. आता पुड्यांवर ग्रॅमचा किंवा मिलिलिटरचा भावही छापलेला असतो, तो बारीक असतो पण असतो. त्याच्यावर बोट ठेवून दोन पुडे शेजारी धर. मोठा पुडा दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही. दहा रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं दहा रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटं कमी होत जातात. तेलात तर फारच जपायला हवं. एक लिटर तेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण फळीवर ८५० ग्रॅमची, क्वचित त्याहून कमीची पिशवीही तेवढीच गुबगुबीत दिसते. वरवर पाहून ती लिटरची वाटते आणि स्वस्त वाटते. हिशोब करशील तर कित्येकदा महागच निघते. एकावर एक फुकट असलं की दोन्ही पुड्यांचं वजन मिळवून भाग दे, आणि हेही विचार की महिन्याभरात दोन्ही संपणार आहेत का.

डाळ मात्र पिशवीतली घेशील तर उजेडात धरून बघ. पिशवी उलटी कर आणि तळाला पीठ साचलंय का बघ. पीठ असलं तर किडीने कोरायला सुरुवात केली आहे. सुटी मिळाली तर मूठभर घेऊन तळव्यावर चोळ. हात तेलकट झाला तर तेल लावून चकाकी आणली आहे. काही ठिकाणी ते टिकण्यासाठीही लावतात, पण मग धुताना दोन पाणी जास्त लागतात एवढं लक्षात ठेव. तांदळाचा दाणा दाताखाली धर. कट्कन तुटला तर जुना, चिकटून चेपला तर नवा किंवा ओल धरलेला. वाणी हे करू देतो, आणि न रुचलं तर त्याच्या तोंडावर सांगता येतं.

धान्याच्या बाबतीत कराचीही एक गोम आहे. १८ जुलै २०२२ पासून छापील नावाच्या, पॅक केलेल्या तांदूळ, डाळ, पीठ यांच्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीला ५ टक्के जीएसटी लागतो. सुट्या मालाला तो नाही आणि २५ किलोच्या वरच्या गोणीलाही नाही. म्हणून तांदूळ विकतच घ्यायचा असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून ३० किलोची गोणी घाऊक बाजारातून आणावी आणि वाटून घ्यावी. यात नवं काही नाही. बिंदुमाधव जोशींनी पुण्यातून ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि हजारो मध्यमवर्गीय बायकांनी हेच केलं. शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिनाभर आधी यादी द्यायची, सामान एकाच्या घरी उतरवायचं, बायकांनीच मोजून वाटायचं. आमच्या भांडाराला त्यांची स्पर्धा होती, तरी मी म्हणेन की इतका चोख हिशोब मी दुसरीकडे पाहिला नाही. तुझ्या सोसायटीत असा संघ असेल तर त्यात जा. नसेल तर चार मैत्रिणी जमव.

आता आपल्या गावचं सांगतो, आणि इथे मी हट्टाने बोलणार आहे.

सवच्या माणसाला जून उजाडण्याआधी आगोट, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरावी लागते. एकदा पाऊस लागला की सावित्री नदी काय करील याचा नेम नाही. वरंध घाट बंद होतो, आंबेनळीत दरड येते, महाडच्या पेठेत पाणी चढतं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, फोन बंद पडले. खिशात कार्ड असून उपयोग नव्हता, मोबाइलवरून पैसे देता येत नव्हते. ज्यांची आगोट भरलेली होती आणि माळ्यावर ठेवलेली होती, त्यांच्या घरी चूल पेटली. स्वतःच्या गोदामाचा चिखल झालेला असताना आमच्या वाण्याने उरलेला माल खात्यावर लिहून दिला. त्या आठवड्यात स्वस्त दुकान कितीही मोठं असतं तरी आम्हाला काय देणार होतं? म्हणून तुलाही सांगतो, कामोठ्यातल्या वाण्याकडे दर महिन्याला थोडी का होईना खरेदी ठेव. दूध, अंडी, सुटी डाळ, गूळ, खोबरं त्याच्याकडून घे. पावसाळ्यात घरात थोडी रोकड असू दे.

आगोटीचा माल तर डीमार्टात शोधूच नकोस. सुकी मासळी एप्रिल-मे महिन्यात घ्यायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याआधी उन्हात कडकडीत वाळलेला माल बाणकोटच्या खाडीकडून आणि किनाऱ्यावरून महाडला येतो. बोंबील हातात धरून मोडायचा. कट्कन मोडला तर घ्यायचा, वाकला तर आत ओल आहे, तो जुलैत बुरशी धरणार. जवळा मुठीत दाबून सोडायचा. मोकळा पसरला पाहिजे, गोळा राहिला तर नको. मग थोडा तळव्यावर घेऊन फुंकर मार, खाली वाळू उरते का बघ, कारण वाळू आपण जवळ्याच्याच भावाने घेत असतो. सोडे महाग, म्हणून कोळणीसमोर बसून निवडून घ्यावेत. तांबूस, अख्खे, वरून मीठ न फुललेले. भावाची घासाघीस कर, पण तिने सकाळपासून उन्हात बसून ते राखलेले असतात हे विसरू नकोस. घरी आणल्यावर सगळं पुन्हा दोन दिवस कडक उन्हात टाकायचं, थंड झाल्यावर डब्यात भरायचं. गरम गरम भरलंस तर झाकणाला आतून पाणी सुटतं. फ्लॅटमध्ये वासाची अडचण असते, म्हणून डब्यात डबा ठेव आणि जागा असली तर फ्रीझरमध्ये ठेव.

तांदूळ आपल्या शेतातलाच ने. दिवाळीच्या सुमाराला कापणी-झोडणी होते. तो नवा तांदूळ भाकरीला चांगला, धुऊन वाळवून दळला की भाकरी पापुद्र्याने फुगते. रोजच्या भातासाठी वर्षाचा जुना ने, तो मोकळा होतो आणि पाणीही जास्त पितो. डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल. वाल भाताच्या कापणीनंतर त्याच शेतात ओलीवर होतात, फेब्रुवारी-मार्चला घरात येतात. आपला कडवा वाल बारीक असतो, दुकानातला मोठा वाल घेऊन बिरड्याला ती चव येत नाही. गावी आम्ही तो राखेत घोळवून ठेवतो. तू एरंडेलाचा हात लाव आणि बरणीत भर. नाचणी आणि वरी पोलादपूरच्या डोंगरातली घेऊ, तिथल्या बायका घरची विकतात. आमसुलं मेअखेर तयार होतात.

आणि हे उलट, शहरातून गावाकडे, करू नकोस. गणपतीला तुमच्या गाड्या येतात तेव्हा डिकीत तांदूळ, पोहे, गूळ भरलेला असतो. अगं, तांदूळ गावात पिकतो. पोहे हवेत तर वाटेत पेण आहे, पोहे-पापडाचं नावच ते. गणपतीच्या दिवसांत महाडचे दुकानदार वर्षभराच्या उधारीतून थोडे वर येतात. त्या वेळची खरेदी त्यांच्याकडे कर. पूर आला तर तेच पुन्हा खातं उघडून देणार आहेत.

तुझा काका म्हणतो, आपणही महिन्यातून एकदा पनवेलला जाऊन डीमार्टातून भरून आणू. त्याला मी कागदावर मांडून दाखवलं. महाडहून पनवेल जवळजवळ सव्वाशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अडीचशे. गाडी लिटरला अठरा किलोमीटर देते असं धर, तर चौदा लिटर पेट्रोल, आणि लिटरचा भाव शंभराच्या पुढे. चौदाशे रुपये रस्त्यातच गेले, टोल आणि चहापाणी वेगळं. पाच हजारांच्या सामानावर दहा टक्के वाचले तर ते पाचशे. दवाखाना, बँक, लग्नाची खरेदी अशा कामाने पनवेलला जाणंच असेल तर येताना साबण-पावडरीचा तीन महिन्यांचा साठा आण, ते टिकतं. नुसत्या किराण्यासाठी गाडी काढायची नाही. तुला हा हिशोब लागू नाही, तुझं दुकान जवळ आहे. पण रिक्षाने जाणार असशील तर रिक्षाचे पैसेही वहीत त्या दिवसाच्या खरेदीखाली लिही.

पैसे देताना पडद्याकडे बघत उभी राहा. फळीवरच्या चिठ्ठीतला भाव आणि गल्ल्यावर लागणारा भाव कधीकधी जुळत नाही, बहुतेक वेळा चिठ्ठी बदलायची राहिलेली असते. तिथल्या तिथे सांग, आवाज न चढवता. गल्ल्यावरची पोर दिवसभर उभी असते, चूक तिची नसते. बिल तिथेच वाच, जिनसा मोज आणि महिनाभर जपून ठेव. पुडा खराब निघाला तर बिलासकट परत ने. दुकानाने ऐकलंच नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. हा हक्क आयता मिळालेला नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा व्हावा म्हणून आमच्या काळातल्या माणसांनी पत्रं लिहिली, सभा घेतल्या. तेव्हा लाजू नकोस.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ये, वळवाच्या आधी. येताना घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे घेऊन ये, प्लास्टिकचे नकोत, सुकटीचा वास त्यांतून जात नाही. मसाल्याच्या मिरच्या तुझी आजी वाळवून ठेवील, पण डंकावर नंबर आधी लावावा लागतो. म्हणून तुमच्या दोघांना किती किलो मसाला लागेल आणि तिखट किती हवं, बेडगी जास्त की लवंगी, ते एप्रिल संपायच्या आत फोन करून आजीला सांग.